बेटांवरील शेतकऱ्यांसाठी अर्जाचे निकष वेगळे हवेत

मा. संपादक यांस,

शेतकऱ्यांसाठीच्या केंद्रीय योजनांचे नियम आखताना डोळ्यांपुढे असतो तो स्वतःच्या नावाचा उतारा बाळगणारा, हंगामी पीक घेणारा आणि तालुक्याच्या गावी सहज जाऊन येणारा शेतकरी. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या द्वीपसमूहांतील शेतकरी या चित्रात बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी निकष स्वतंत्रपणे लिहिले जावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र.

सर्वांत मोठा प्रश्न जमिनीच्या नोंदीचा आहे. पीएम-किसान योजनेत वर्षाला 6000 रुपये, 2000 रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. मात्र त्यासाठी लागवडयोग्य जमीन भूमी अभिलेखात कुटुंबातील व्यक्तीच्या नावावर असावी लागते. निकोबारमध्ये जमीन आणि नारळाच्या बागा परंपरेने एकेका व्यक्तीच्या नव्हे, तर ‘तुहेत’ या विस्तारित कुटुंबाच्या मानल्या जातात. लक्षद्वीपमध्येही मातृवंशाने चालत आलेल्या ‘तरवाड’ या एकत्र कुटुंबाच्या सामायिक मालमत्तेची परंपरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बाग राखणाऱ्या माणसाने वैयक्तिक मालकीचा कागद आणायचा कोठून? कोकणात सामायिक सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची संमती मिळवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

यावर तोडगा नव्याने शोधण्याचीही गरज नाही. याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, ईशान्येकडील ज्या राज्यांत जमिनीची मालकी सामुदायिक आहे तेथे पात्रता ठरवण्यासाठी पर्यायी पद्धतीची तरतूद असून, मणिपूरमध्ये गावप्रमुखाने कुटुंबाला जमीन कसण्यास दिलेल्या परवानगीचा दाखला त्यासाठी आधार मानला गेला आहे. द्वीपसमूहांतील सामायिक जमिनींनाही हाच न्याय नियमात स्पष्ट शब्दांत मिळाला, तर ग्रामप्रमुख किंवा स्थानिक परिषद यांचा दाखला पुरेसा ठरेल आणि अर्जाचा निर्णय एखाद्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहणार नाही.

दुसरा मुद्दा पिकाचा. नारळ हे दोन्ही द्वीपसमूहांचे प्रमुख पीक आहे आणि उन्मळलेल्या माडाच्या जागी लावलेले रोप धरते होईपर्यंत, उंच जातीच्या बाबतीत, सहा-सात वर्षे जातात. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळाने मिनिकॉय, कल्पेनी या बेटांवरील माडांची मोठी हानी केली. 2004 च्या त्सुनामीत तर निकोबारमधील कित्येक बागांची जमीनच समुद्राखाली गेली. अशा हानीची भरपाई क्षेत्रावर, एकदाच देऊन भागत नाही, कारण बेटावरील धारणक्षेत्र मुळातच लहान असते आणि उत्पन्नाचा खंड मात्र अनेक वर्षांचा. माड विमा योजनेत झाडांच्या संख्येवर विमा उतरवला जातो आणि किमान पाच निरोगी माड असलेला शेतकरीही त्यास पात्र ठरतो. आपत्तीनंतरच्या मदतीचा हिशोबही असाच झाडागणिक व्हावा, हे मला अधिक न्याय्य वाटते.

बेटांसाठी वेगळे नियम मागणे म्हणजे सवलतीची याचना नव्हे. युरोपीय संघाने 2013 मध्ये अझोर्स, मदेरा, कॅनरी बेटे, रेयुनियाँ अशा दूरस्थ प्रदेशांसाठी एक आणि एजियन समुद्रातील लहान ग्रीक बेटांसाठी दुसरा, असे शेतीसाहाय्याचे दोन स्वतंत्र नियम केले. अंतरामुळे वाढणाऱ्या पुरवठ्याच्या खर्चाचा विचार त्या दोन्ही नियमांत आहे. आपल्याकडे खताचे पोते जहाजातून उतरेपर्यंत त्यावर चढणारा खर्च कोणत्याही अर्जात मांडायला जागा असली पाहिजे.

मुदतींचाही विचार व्हावा. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत द्यावी लागते. वादळात नेमकी संपर्कयंत्रणा कोलमडते आणि आंतरद्वीप बोटीही थांबतात. अशा वेळी ही मुदत नुकसानीच्या क्षणापासून न मोजता, संपर्क पूर्ववत झाल्याचे प्रशासनाने जाहीर केल्यापासून मोजावी. ई-केवायसी आणि आधार जोडणीसाठीची शिबिरे पावसाळ्यात सागरी वाहतूक रोडावण्यापूर्वी प्रत्येक वस्तीच्या बेटावर घेतली जावीत, आणि नोंदणी अपुरी राहिली म्हणून हप्ता थांबवण्याआधी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत लेखी कारण कळवले जावे.

आपला विश्वासू,
एक वाचक