शनिवारच्या सेमिनारची आठवण

मंडळी, शनिवारी रात्री साडेआठलाच भेटतोय, पण जर्मनीत घड्याळं मागे गेलीत म्हणजे तिकडच्यांना आता पाच नाही, दुपारचे चार, गेल्या वर्षीसारखं तासभर उशिरा उगवू नका. विषय गणितज्ञ मॉर्डेलचं १९२२ चं थिअरम, एलिप्टिक कर्व्हवरचे ('वाय वर्ग = एक्सची घन राशी' अशा वक्रावरचे) रॅशनल पॉइंट्स (दोन्ही कोऑर्डिनेट पूर्णांक किंवा अपूर्णांक असलेले) फायनाइटली जनरेटेड असतात, म्हणजे मोजक्या पॉइंट्सपासून बाकीचे सगळे बनवता येतात, ते. यावेळी फक्त वीक व्हर्जन (पॉइंट्सच्या दुपटी बाजूला काढल्या की मोजकेच प्रकार उरतात, एवढंच), हाइट्स (पॉइंटचे अंश-छेद किती मोठे याचं माप) नंतर, दोन्ही एकदम कोंबलं की कुणालाच धड कळत नाही. येताना 'वाय वर्ग = एक्स घन − एक्स' वर टू-डिसेंट (वीक व्हर्जनमधल्या त्याच कल्पनेने रॅशनल पॉइंट्स शोधायची रीत) हाताने करून या, इन्फिनिटीवाला (अनंतावर मानलेला) धरून चारच रॅशनल पॉइंट निघतात आणि त्यावरून १ क्षेत्रफळाचा, रॅशनल बाजूंचा काटकोन त्रिकोण नसतोच हे फर्माचं म्हणणं सरळ हाताला लागतं (तसा त्रिकोण असता तर या कर्व्हवर आणखी एक पॉइंट मिळाला असता), भारीच आहे! बोर्डवर कोण लिहिणार ते आजच सांगा.