ताई, माझे डोळे ठीक होते

ताई,

सप्रेम नमस्कार.

घर बदलायच्या गडबडीत तुम्ही ४३ इंची मॉनिटर विकायला काढला होता आणि तो बघायला लॅपटॉप काखोटीला मारून एक बाई आली होती, आठवतंय? न घेताच परत गेली ती. ती मी. तुमचा तेव्हाचा नंबर आता लागत नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे. नाहीच पोचलं, तरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

तुमच्याकडे यायच्या आधीचे चार महिने कसे गेले, ते त्या दिवशी मी नीट सांगितलंच नाही. मी प्रूफं तपासते. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यावर देवनागरी. चाळिशी लागली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक चटकन दिसेनासा झाला. एकात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. माझ्या कामात असा एक रफार सुटणं म्हणजे नाव जाणं. म्हणून मोठा पडदा घ्यायचं ठरवलं. अटी दोनच होत्या: अक्षर रेखीव दिसावं, आणि पान सरकवताना किंवा माउस हलवताना पडदा हाताच्या मागे पडू नये.

पहिल्या विक्रेत्यानं टीव्ही गळ्यात मारला. “टीव्ही काय, मॉनिटर काय, एकच हो.” घरी आणून फाइल उघडली तर माझ्या लाल खुणाच फिसकटलेल्या. काळा मजकूर चालण्यासारखा, पण लाल अक्षराच्या कडा ओल्या कागदावर शाई पसरावी तशा. माउसही हात थांबल्यावर क्षणभरानं थांबायचा. कसाबसा तो परत केला.

मग दुसरीकडून ३२ इंची, वक्र पडद्याचा मॉनिटर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१ मिलिसेकंद’. संध्याकाळी डोळ्यांना त्रास नको म्हणून मी काळ्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं ठेवते. पान सरकवलं की ती अक्षरं मंद व्हायची आणि थांबल्यावर पुन्हा उजळायची. दिवसभर हे बघून कपाळ ठणकायचं. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, “मॅडम, खोक्यावर एक मिलिसेकंद लिहिलंय. डोळे तपासून घ्या.” शेजारी उभी असलेली दोन माणसं हसली.

आणि मी खरंच डोळे तपासून आले, ताई. नंबर होता तेवढाच होता. तरी मनातून शंका जाईना. ज्या बाईचं सगळं पोट डोळ्यांवर चालतं तिला तुमचे डोळे चुकताहेत असं सांगणं किती लागतं, हे बोलणाऱ्याला कळलंही नसेल.

त्यानंतर तुमच्या दारात आले. सगळीकडे खोकी, दोरे, गुंडाळलेल्या सतरंज्या. परवा सामान हलवायचं होतं तुम्हाला, मॉनिटर त्याआधी जायला हवा होता. गरज तुम्हाला होती. तरी किंमत बोलायच्या आधी तुम्ही विचारलंत, “तुम्ही काम काय करता?” चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग म्हणालात, “तुमचीच फाइल लावा. चकचकीत व्हिडिओवर काही कळत नाही.” आणि एक खुर्ची ओढून मला बसवलंत, घरी जेवढ्या अंतरावर बसते तेवढ्यावरच. टेपनं मोजलंत. साठ सेंटिमीटर.

मी बघत होते आणि तेच झालं. करडी अक्षरं सरकताना मंद पडली. मी गप्प बसले. वाटलं, म्हणजे डोळेच. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, “काय दिसतंय?” सांगावं की नको असं होऊन मी शेवटी सांगितलं.

तुम्ही खिशातून फोन काढलात. स्लो मोशन, सेकंदाला २४० चौकटी. मला म्हणालात, एकदाच पेज डाउन दाबा. मी दाबलं. मग माझ्या शेजारी उकिडवं बसून तुम्ही ती फीत एकेक चौकट पुढे सरकवत मला दाखवलीत. नव्या जागी ‘क’ उमटायला लागला तो अगदी पुसट. दुसऱ्या चौकटीत थोडा वर आला. तिसऱ्या, चौथ्या चौकटीत अजून धुरकटच. तुम्ही बोटानं मोजत होतात. पुरता उजळला तो सातव्या चौकटीत. एक चौकट म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद, म्हणजे सातांचे झाले २९. हा पडदा ६० हर्ट्झचा, दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवणारा. पहिलं चित्र पुरतं उमटायच्या आत दुसरं येऊन उभं.

“तुमचे डोळे एकदम ठीक आहेत,” तुम्ही म्हणालात. “दोष पॅनेलचा आहे. माझ्या या मॉनिटरमध्येही तोच आहे.”

ताई, या वाक्यासाठी हे पत्र आहे. विकायला काढलेल्या वस्तूतली खोट तुम्ही स्वतःच्या फोनवर स्वतःच्या हातानं मोजून दाखवलीत, आणि तीही समोरच्या अनोळखी बाईचा स्वतःवरचा विश्वास परत यावा म्हणून. मला तेव्हा रडू आवरलं नाही. तुम्ही काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केलात, तेही आठवतंय.

पुढचा तासभर तुम्ही जे समजावलंत ते मी घरी येऊन लिहून काढलं, कारण ते विकणाऱ्यांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. तुमच्या-माझ्या पडद्यांत होतं तसल्या व्हीए जातीच्या पॅनेलला काळा रंग फार छान जमतो, पण काळ्यातून करड्यात यायला त्याला वेळ लागतो. खोक्यावरचा एक मिलिसेकंद बऱ्याचदा मागचा दिवा झपझप चालू-बंद करून मिळवलेला असतो, आणि ती सोय चालू केली की पडदा अंधारतो. पिक्सेलचा, म्हणजे पडद्यावरच्या एकेका ठिपक्याचा, रंग बदलायला लागणारा वेळ वेगळा, आणि हात हलल्यापासून पडद्यावर काही दिसेपर्यंतचा वेळ वेगळा. खोक्यावर छापतात तो पहिला, माझ्या टीव्हीचं दुखणं होतं दुसरं. टीव्हीच्या लाल अक्षरांचंही कोडं सुटलं. उजेड प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एक, म्हणून लाल खूण पसरलेली. काही टीव्हींत ते सेटिंगमधून बदलता येतं, हेसुद्धा तुम्हीच सांगितलंत.

आणि इंचांचं. माझ्या ३२ इंची पडद्यावर २५६० बाय १४४० पिक्सेल, म्हणजे इंचाला ९२. २४ इंची फुल एचडी पडद्यावरही इंचाला ९२च. पडदा मोठा झाला होता, अक्षर रेखीव झालंच नव्हतं. हा साधा हिशेब मला कुणी करून दाखवला नाही याचा अजून राग येतो.

तुमचा ४३ इंची ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलांचा, इंचाला १०२. “पण तो ९५ सेंटिमीटर रुंद आहे,” तुम्ही म्हणालात, “साठ सेंटिमीटरवर बसलात तर कडा तिरक्या दिसणार आणि व्हीएचा रंग तिरकस बघितला की फिका पडतो. हिशेबाची मोठी कोष्टकं लावून मागे सरून बसणाऱ्याला हा उत्तम. तुम्ही घेऊ नका.” मी ओलेडचं, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो त्या पडद्याचं, विचारलं, कारण त्याचे पिक्सेल सगळ्यांत चपळ. तुम्ही माझी फाइल दाखवून म्हणालात, ही वरची पट्टी दिवसभर जागची हलत नाही, तिची छाप कायमची बसू शकते, आणि त्यांतल्या बऱ्याच पडद्यांवर पिक्सेलच्या आतल्या लाल-हिरव्या-निळ्या कणांच्या मांडणीमुळे बारीक अक्षराला रंगीत कडा येते. तुमच्यासाठी ३२ इंची ४के, आयपीएस जातीच्या पॅनेलचा, १४४ हर्ट्झ. अंधाऱ्या खोलीत काळा रंग जरा करडा वाटेल, तो मात्र सोसावा लागेल, हे आधीच सांगून ठेवलंत.

तसाच घेतला. इंचाला १३८ पिक्सेल. तुम्ही बजावलं होतंत तसं पोर्ट आणि केबल आधी बघितली, कारण एचडीएमआय २.० ही जुनी जोडणी पूर्ण रंगांत ४के ६० हर्ट्झवरच अडतं. पिक्सेलना ढकलणारी ओव्हरड्राइव्हची सेटिंग मधल्या पायरीवर ठेवली. वरच्या पायरीवर अक्षरांमागे उलटी पांढुरकी सावली येते, तीही करून बघितली. आता ‘आचाऱ्यांना’मधला तो आडवा रफार चष्म्याच्या काचेवर काढल्यासारखा दिसतो. लाल अनुस्वार गोल असतो, ठिपका म्हणून. संध्याकाळी पान सरकवते तर अक्षरं जागच्या जागी उजळ राहतात. कपाळ दुखणं थांबलं.

पण खरं सांगू, मॉनिटर आज ना उद्या मिळालाच असता. चार माणसांना विचारून, दोन चुका अजून करून मिळाला असता. आपलं काम अडलेलं असताना, परवा घर रिकामं करायचं असताना, समोरच्याला “हे तुमच्यासाठी नाही” म्हणणारी माणसं कुठे भेटतात? आणि तसं म्हणून दार न लावता तास-तास बसणारी? माझ्या आजोबांच्या तोंडी ‘सचोटी’ हा शब्द फार असायचा. प्रुफात तो मी शेकडो वेळा तपासलाय, ‘स’ ऱ्हस्व की दीर्घ असलं काही त्यात नसतं म्हणून डोळा पुढे जातो. त्या दिवसापासून तो आला की मी क्षणभर थांबते.

तुमचा ४३ इंची कुणी नेला? मागे सरून बसणारं कुणी मिळालं का? परवाच्या आत गेला का, हे तेव्हा फोन करून विचारायला हवं होतं, ते राहिलं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

ती फीत तुम्ही मला पाठवली होतीत, ती अजून फोनमध्ये आहे. उजव्या कोपऱ्यात तुमच्या बोटाचं टोक आलंय, आणि मधोमध तो ‘क’ हळूहळू वर येतोय.

तुमची,
लाल खुणांची फाइल घेऊन आलेली