टेप गुंडाळलेली बॅट हे कौतुक नव्हे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रीडा पानावर आपल्या शहरातल्या शालेय बेसबॉल संघांवर मोठा लेख आलाय, तो सकाळी वाचला आणि रात्रीपर्यंत डोक्यातनं गेला नाही म्हणून आज लिहायला बसलोय. पोरांचं कौतुक केलंत ते चांगलंच केलंत. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला कुणी अर्धं पान देतंय याचा आनंदच आहे. पण सोबत जो फोटो छापलाय तो एकदा परत बघा. बॅटिंगला उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट नाही, मागं बसलेल्या कॅचरच्या तोंडावर मास्क नाही, आणि बॅटच्या मुठीला वायरमनची काळी टेप गुंडाळलेली चष्मा न लावता दिसतीय. आणि खाली तुम्ही लिहिताय, एकाच बॅटवर अख्खा संघ खेळतो, साधनं नसली तरी जिद्द आहे. साहेब, यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळलेलं नाही.

तसल्याच एका बॅटनं माझ्या मुलीचे समोरचे दोन दात गेलेत.

मागच्या हिवाळ्यातली मॅच, सतरा वर्षांखालच्या मुलींची. शाळेचं आणि मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणा एकाला धरायचं नाही. मी जाळीच्या बाहेर उभा होतो. संघाला बॅट एकच, त्यामुळं पुढचा नंबर ज्या मुलीचा तिनं जवळच उभं राहायचं, म्हणजे आउट होऊन येणाऱ्या मुलीच्या हातनं बॅट घेऊन लगेच आत जाता येतं, वेळ वाचतो. ही त्यांची पद्धतच पडून गेली होती. माझी मुलगी तशीच उभी, फार तर चार-पाच पावलांवर. ऊन मरणाचं, हाताला घाम, बॅटिंगवाल्या मुलीनं सगळा जोर लावून फिरवली आणि बॉल राहिला बाजूला, बॅटच हातातनं सुटली आणि फिरत येऊन हिच्या तोंडावर बसली. आवाज मला जाळीपर्यंत ऐकू आला. मी आत पळालो तोपर्यंत जर्सीचा पुढचा भाग लाल झालेला. फर्स्ट एडची पेटी कुणाकडंच नव्हती, एक सर पळत जाऊन बाहेरच्या रसवंतीवरनं बर्फ घेऊन आले, तो रुमालात बांधून ओठाला लावला आणि तसंच गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. ओठाला टाके पडले.

जिच्या हातनं बॅट सुटली ती मुलगी हिच्यापेक्षा जास्त रडत होती. "काका, मी नाय मारली वो, निसटली, खरंच निसटली." तिचं बरोबर होतं, चूक त्या पोरीची नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन ती बॅट मागून घेतली आणि नीट बघितली. माझा धंदा गारमेंटचा, शाळेचे गणवेश आणि खेळाच्या जर्स्या शिवतो, माल हातात घेऊन बघायची सवय आहे. मुठीवरचं मूळचं रबर अर्ध्यातनं फाटून गेलेलं. त्यावर गुंडाळलेल्या टेपची कड सुटून सुरळी झालेली आणि गोंदाला मैदानाची माती चिकटलेली. खालच्या बाजूला उघडं ॲल्युमिनियम, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. जाड टोकाचं टोपण कधीच पडलंय, तिथं चादरीची चिंधी कोंबून वरनं परत टेप मारलेली. ज्या बाजूनं बॉल मारायचा तिथं पोचा, बोट आत जाईल एवढा. आणि हलवली की आत काहीतरी खडखडतंय. ही बॅट त्या दिवशी सकाळपासनं किती मुलींच्या हातात गेली असंल आणि एकाही मोठ्या माणसाला ती बाजूला ठेवावीशी वाटली नाही.

तिथल्या सरांना विचारलं तर म्हणाले, "अहो खेळात लागतंच की, क्रिकेटमध्ये नाही का लागत." क्रिकेटमध्ये लागतं म्हणून तर तिथं लेदर बॉलच्या नेटला पोराला हेल्मेट, पॅड घातल्याशिवाय उभं करत नाहीत. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिल ह्यूज मानेला बॉल लागून वारला तेव्हापासनं मानेच्या गार्डपर्यंत विचार झाला, ऑस्ट्रेलियानं तर २०२३ पासनं तो सक्तीचा केला. बेसबॉलचा बॉल काय कापसाचा असतो का? १४२ ते १४९ ग्रॅमचा, वर चामडं शिवलेला, क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडासाच हलका.

ज्या देशातनं हा खेळ आला तिथले नियम मी बसून वाचले. अमेरिकेत लिटल लीग म्हणून लहान मुलांची मोठी संघटना आहे. त्यांच्या नियमात लाकडी नसलेल्या बॅटला खालच्या टोकापासनं कमीत कमी १० इंच ग्रिप पाहिजे आणि निसरडी टेप चालत नाही असं चक्क लिहिलंय. मॅचच्या आधी अंपायर बॅटी तपासतात, ठरलेल्या मापाच्या कड्यातनं बॅट पार जाते का बघतात, चेपून बेढब झालेली बॅट त्यात अडकते, अडकली की ती बाहेर. बारा वर्षांपर्यंतच्या गटात तर पुढच्या नंबरच्या पोरानं बॅट घेऊन बाहेर उभंच राहायचं नाही, इनिंगचा पहिला बॅटर तेवढा सोडून. म्हणजे माझ्या मुलीला जे झालं ते होऊ शकतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी नियम केला.

बॅट किती जोरात बॉल फेकते यावर सुद्धा तिकडं बंधन आहे. धातूची बॅट आतनं पोकळ, बॉल लागला की तिचा पत्रा किंचित आत दबतो आणि परत उसळतो, त्यामुळं लाकडापेक्षा बॉल जास्त वेगानं येतो. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, १८.४४ मीटरवरनं टाकतो खरा पण टाकता टाकता पुढं आलेला असतो, तोल जमिनीकडं, बॉल बॅटवरनं उलटा त्याच्याकडंच आला तर सावरायला वेळच नसतो. म्हणून २०१२ पासनं त्यांच्या हायस्कूलला आणि २०१८ पासनं लहान मुलांना, बॅटवर ठराविक चाचणीचा शिक्का असल्याशिवाय धातूची बॅट चालत नाही. तो शिक्का आपण उद्याच मागावा असं माझं म्हणणं नाही, इथं तसल्या बॅटी मिळायची मारामार. पण मूठ धड आहे का, टोपण जागेवर आहे का, पोचा आहे का, आत वाजतं का, हे बघायला कुठला शिक्का लागत नाही. एका संघाच्या बॅटी बघायला किती वेळ जाणार? त्याच्या कितीतरी पट वेळ पाहुण्यांची वाट बघण्यात जातो.

२००७ मध्ये अमेरिकेत माइक कूलबॉ नावाचा ३५ वर्षांचा कोच पहिल्या बेसजवळ, म्हणजे बॅटरनं पळत गाठायच्या पहिल्या टप्प्याजवळ, उभा असताना बॅटवरनं आलेला बॉल मानेला लागून वारला. तो खेळत सुद्धा नव्हता. पुढच्याच वर्षीपासनं तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, मेजर लीगमध्ये, बेसजवळच्या कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. तिथं मोठा माणूस हेल्मेट घालतोय आणि आपल्याकडं आठवीतली पोरं उघड्या डोक्यानं पळतायत.

पैशाचं म्हणाल तर ते मला सांगू नका, मी रोज बघतो. संघाच्या जर्सीची ऑर्डर माझ्याकडं येते तेव्हा पुढं शाळेचं नाव, मागं देणगीदाराचं नाव, बाहीवर अजून कुणाचं तरी नाव, सब्लिमेशनच (कापडात मुरणारी रंगीत छपाई) पाहिजे, कॉलर अशी पाहिजे. त्याला पैसे असतात. शिल्डला असतात, फेट्यांना असतात, शाल-श्रीफळाला असतात. स्पर्धेच्या गेटवर लागणाऱ्या डिजिटलला तर हमखास असतात. मुठीला नवीन ग्रिप बसवायला काय जातं? आणि चार-पाच हेल्मेट घेतली तरी अख्ख्या संघाचं काम भागतं, आळीपाळीनं घालता येतात. मागच्या सीझनला ज्या शाळेनं जर्सीवरच्या अक्षरांचा रंग तीनदा बदलून घेतला त्यांच्याकडं कॅचरचा छातीचा पॅड नव्हता, हे मी स्वतः विचारलं म्हणून मला माहीत आहे.

अजून एक. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याला माझा विरोध नाही, पोरांनी खेळावं म्हणून ती सोय आहे. पण त्यासाठी आठवड्यात संघ उभा करायचा, ज्या पोरीनं आयुष्यात बॅट धरली नाही तिला थेट मॅचला उतरवायचं, मग हातातनं बॅट सुटणार नाही तर काय होणार. आधी नीट धरायला तरी शिकवा.

आणि तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे, राग मानू नका. कालच्याच पानावर दुसरा एक फोटो आहे, बक्षीस वाटपाचा. त्याच्या खाली पाहुण्यांची नावं आहेत, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची आहेत, निवड समितीची आहेत, डावीकडून उजवीकडून सगळी बरोबर. समोर गुडघ्यावर बसलेल्या पोरींपैकी एकीचंही नाव नाही, 'विजयी संघ' एवढंच. त्या पोरी ते कात्रण कापून ठेवणार आहेत हो.

माझी मुलगी यंदा परत खेळतीय. आईचा विरोध आहे, पण ती ऐकत नाही आणि मलाही ती खेळावी असंच वाटतं. पुढच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. तुमचा बातमीदार मैदानावर येणारच आहे, त्यानं फोटो काढायच्या आधी पंचांना एवढं विचारावं की आज बॅटी कुणी तपासल्या आणि बॅटिंग करणाऱ्यासाठी हेल्मेट कुठं आहे. उत्तर जे येईल ते निकालाच्या बातमीत छापावं, शाळेच्या नावासकट.

आपला,
एक पालक व नियमित वाचक,
अशोक चौक, सोलापूर