जॉइंट नापास केलास, त्याबद्दल

माझगाव, रविवार रात्र

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. इंजिनियर झालीस म्हणून हाक बदलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मागून तुझी आई "आधी जेवलीस का विचारा" म्हणून माझी बाही ओढत होती. धड काही बोलता आलं नाही. तसंही फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मला कळलं ते असं. शेडमध्ये फिरताना तुला वेल्डिंग रॉडचं फोडलेलं पाकीट जमिनीवर पडलेलं दिसलं. बाहेर धो धो पाऊस. त्याच पाकिटातल्या रॉडने लढाऊ जहाजाच्या बुडाकडची सीम, म्हणजे दोन प्लेटांमधली जोडाची ओळ, मारलेली. एक्स-रे स्वच्छ आला, तरी तू सही केली नाहीस. दोन दिवसांनी पुन्हा तपासा म्हणालीस. साहेब म्हणाले, "मॅडम, पाण्याखाली कोण बघायला जातंय?" दोन दिवसांनी तपासलं आणि चीर निघाली. आता आख्खी सीम गाउजिंग करून, म्हणजे खरवडून काढून, पुन्हा मारायची, तारीख पुढे गेली, आणि कँटीनमध्ये तुझ्या टेबलावर कोणी बसत नाही.

सही केली नाहीस ते बरोबरच केलंस. यावर मला फार बोलायचं नाही. बोलायचंय ते दुसऱ्या गोष्टीवर, जी तू जाता जाता सांगितलीस. पण आधी माझी एक गोष्ट ऐक. ती मी तुझ्या आईलाही कधी नीट सांगितलेली नाही.

मी दारूखान्याजवळच्या त्या शेडमध्ये होतो, तेव्हा आमच्याकडे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मसाठी ब्रॅकेट आणि पाइपाचे सपोर्ट बनायचे. काम दोन-तीन हातांतून फिरून आमच्याकडे यायचं. आमच्या वर एक ठेकेदार, त्याच्या वर आणखी एक. श्रावणातले दिवस होते. दुपारी लाइट गेली ती तासभर आली नाही, रॉड कोरडे ठेवायचा ओव्हन थंड पडला. लाइट आल्यावर मी पुन्हा भाजायला न ठेवता तेच रॉड उचलले. का? संध्याकाळी टेम्पो येणार होता आणि मला सीमच्या मीटरवर पैसे मिळायचे.

जॉइंट असा उतरला म्हणून सांगू, माशाच्या खवल्यासारखी ओळ. आजूबाजूचे बघायला आले. मीही हेल्मेट वर करून दोन मिनिटं बघत उभा राहिलो. आमच्याकडे तपासणीला एक म्हातारे गृहस्थ यायचे. त्यांनी ओव्हनवर तळहात ठेवला, काही बोलले नाहीत, आणि टेम्पो परत पाठवला. तिसऱ्या दिवशी आले. जॉइंट घासून घेतला, चुंबक लावलं, लोखंडाची काळी भुकटी सोडली. भुकटी एका रेषेत जाऊन उभी राहिली. वीतभर लांब, केसाएवढी. त्यांनी माझा हातमोजा काढायला लावला आणि बोट त्या रेषेवरून फिरवायला सांगितलं. बोटाला काही लागलंच नाही. तेच त्यांना दाखवायचं होतं.

तू पुस्तकात शिकलीस ते मी असं शिकलो. रॉडवरचं आवरण पापडासारखं सादळतं. त्यातल्या ओलाव्याचा हायड्रोजन होतो, तो वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि जॉइंट थंड झाल्यावर आतून दाब द्यायला लागतो. चीर लगेच पडत नाही, एक दिवस, दोन दिवस घेते. जितकं पोलाद कडक तितका धोका जास्त. म्हणून तर लढाऊ जहाजाचा जॉइंट मारल्या दिवशी पास करायचा नसतो. तुझा स्वच्छ एक्स-रे खोटा नव्हता, लवकर काढलेला होता.

त्या रात्री मी एकट्याने ग्राइंडिंग केलं. पैसे कापले गेले. पण त्या म्हाताऱ्याने शेडमध्ये एका माणसालाही सांगितलं नाही की चीर कोणाच्या हातची. आणि पुढच्या सोमवारी सगळ्यात अवघड काम माझ्याच टेबलावर आलं.

आता तुझी ती जाता जाता सांगितलेली गोष्ट. तू त्या वेल्डरला सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुम्हाला वेल्डिंग येतं का?" तो हेल्मेट ठेवून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. पन्नाशीचा माणूस म्हणालीस. छकुले, पन्नाशीचा वेल्डर म्हणजे तीसेक वर्षांचा हात. वाकडी सीम गाउज करून पुन्हा मारता येते. तो हात पुन्हा कुठून आणशील?

मी हे भावनेच्या भरात लिहीत नाही. आपल्या खिडकीतून गोदीच्या ज्या क्रेन दिसतात, तिथे हे घडलेलं आहे. माझगाव डॉकमध्ये १९९२ साली शल्की झाली, आपल्या देशात बांधलेली पहिली पाणबुडी. मग १९९४ ला शंकुल. जर्मन डिझाइन होतं, माणसं जर्मनीला जाऊन शिकून आली होती. पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे साधं काम नव्हे. दर दहा मीटर खाली गेलं की अंगावर हवेच्या एका दाबाएवढं ओझं वाढतं, आणि ती गोलाई जरा जरी चुकली तरी ओझं नेमकं तिथे बसतं. तिथली माणसं चाळीत आली की आम्ही पोरं त्यांच्याकडे क्रिकेटवाल्यांसारखं बघायचो. (मी पोर नव्हतो, नोकरीला होतो, तरीही.)

पण त्या जर्मन व्यवहारात लाचेचे आरोप झाले, पुढच्या पाणबुड्या अडकल्या आणि काम थांबलं. शेड होती, क्रेन होत्या, यंत्रं होती. फक्त वेल्डरांना जोडायला पाणबुडी नव्हती. कोणी दुसऱ्या खात्यात गेले, कोणी आखातात, बाकीचे रिटायर झाले. २००५ साली फ्रेंचांशी सहा पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा जवळजवळ पहिल्यापासून गिरवावं लागलं. पहिली पाणबुडी २०१२ ला मिळायची होती. कलवरी नौदलात गेली ती १४ डिसेंबर २०१७ ला. उशिराची कारणं बरीच होती, सगळं खापर वेल्डिंगवर फोडत नाही. पण शंकुल ते कलवरी म्हणजे २३ वर्षं. एवढ्या काळात एखाद्याचा हात शिकतो, पक्का होतो आणि थरथरायलाही लागतो. सहावी, वागशीर, २०२५ च्या जानेवारीत दिली. आता पुढचं काम वेळेवर हातात आलं नाही तर ही दुसरी पिढीही तशीच पांगेल, ही भीती आमच्या इथल्या म्हाताऱ्यांना आहे. टीव्हीवर क्षेपणास्त्रांची चर्चा होते, याची होत नाही.

पोलादाचंच बघ. कोचीला विमानवाहू विक्रांत बांधायची होती तेव्हा रशियाकडून पोलाद मिळण्यात अडचण आली. मग हैदराबादच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने मिळून इथेच बनवलं, सुमारे ३०,००० टन. आणि नुसती प्लेट बनवून भागलं नाही, तिला चालतील असे रॉडही बनवावे लागले. तुझ्या शेडमध्ये जमिनीवर पडलेल्या पाकिटामागे एवढा खटाटोप आहे. ते पाकीट उघडं टाकणाऱ्याला हे कोणी सांगितलं असेल? मला वाटत नाही. त्याला किती मीटर झाले एवढंच विचारतात.

"पाण्याखाली कोण बघतंय" यावर मात्र तुझ्या साहेबांना मी काय सांगितलं असतं ते लिहितो, तू सांगू नकोस. २००५ चा जुलै तुला आठवणार नाही. २६ तारखेला मुंबई बुडाली. आम्ही शेडमधून छातीभर पाण्यातून निघालो, दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. त्याच २७ तारखेला मुंबई हायवर एका जहाजातल्या आचाऱ्याची बोटं कापली. हवा खराब, हेलिकॉप्टर उडेना. म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं. चढवून झालं, आणि जहाज लाटेबरोबर जाऊन तेल-वायूच्या उभ्या पाइपावर आपटलं. पाइप फुटला, आग लागली, दोनेक तासांत आख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात. २२ माणसं गेली. देशाच्या तेलाचा एवढा मोठा भाग, आणि तो अशा पाइपावर लटकत होता, जो प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या बाजूला, जिथे बोटी लागतात तिथेच होता. आम्ही अशाच प्लॅटफॉर्मचे सपोर्ट बनवायचो. त्या आठवड्यात शेडमध्ये कोणी रेडिओ लावला नाही.

पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१० मध्ये, बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात तरंगू लागले, आणि मुंबई बंदर व न्हावाशेवा दोन्ही काही दिवस ठप्प, कारण मोठ्या जहाजांची वाट दोघांची एकच. तेल किनाऱ्याला लागलं. भाऊच्या धक्क्यावर मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. आणि पुढच्याच वर्षी, २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती, ओमानजवळ सोडून दिलेलं पवित नावाचं जहाज महिनाभर वाहत वाहत जुहूच्या वाळूत येऊन बसलं. नौदल, तटरक्षक दल, पोलिस, तिन्ही कड्या ओलांडून, आत एकही माणूस नसताना! लोक भेळ खाता खाता बघत होते. आपण सगळे हसलो होतो. हसायची गोष्ट नव्हती ती.

चांगलंही सांगतो, नाहीतर आई म्हणेल पोरीला घाबरवतोय. २०२४ च्या मार्चमध्ये, सोमालियाच्या चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज नौदलाने सोडवलं. आपल्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरवर, चाळीस तास. १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे धरून इथे मुंबईत आणले आणि यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिले. यलो गेट म्हणजे आपल्याकडून बसने जेमतेम काही स्टॉप. ज्या कोलकाता युद्धनौकेने ते केलं ती इथलीच, माझगाव डॉकची. बातमी आली त्या दिवशी आपल्या मजल्यावरचे एक रिटायर काका गॅलरीत येऊन एवढंच म्हणाले, "तिच्या पुढच्या भागात माझे जॉइंट आहेत." मग आत जाऊन झोपले. त्यांचे जॉइंट कधी एक्स-रेच्या फिल्मवर नापास झाले असतील का? झालेच असतील. पण त्यांना घालवून दिलं नाही कोणी.

तर असं कर. उद्या साहेबांकडे जाऊ नकोस, कँटीनचंही सोड. त्या वेल्डरचा नंबर मुकादमाकडे असेल. फोन कर, घरी जाता आलं तर जा. माफी मागायला शब्द शोधत बसू नकोस, नुसतं विचार की त्या दिवशी ओव्हन चालू होता का, आणि नसेल तर त्याने कोणाला सांगितलं होतं का. मला जवळजवळ खात्री आहे की त्याने सांगितलं असणार आणि त्याला "चालवून घे" म्हणाले असणार. तसं निघालं तर रिपोर्टमध्ये चिरेच्या कारणापुढे माणसाचं नाव नको, ओव्हनचं लिही. आणि पुन्हा मारायची सीम त्यालाच दे. तू शेजारी उभी राहा, सुरुवातीपासून. रूट रन, म्हणजे सीमचा सगळ्यात खालचा पहिला थर, कसा टाकतो ते बघ, तुला तुझ्या कॉलेजात कोणी दाखवलं नसेल.

मुकादम नंबर देणार नाही म्हणाला तर मला कळव. तिकडच्या ठेक्यावर आपल्या बाजूची दोन-चार पोरं आहेत, शोधून काढतील.

आई सोबत मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवतेय. माझी जुनी चिपिंग हातोडीही त्याच डब्यात आहे, फडक्यात गुंडाळलीय. चटणीचा वास लागेल तिला, धुऊन घे.

जेवलीस का, ते आईला वेगळं कळव. आणि पाऊस तिकडे अजून असेल तर सकाळी शेडमध्ये गेल्या गेल्या आधी ओव्हनवर हात ठेवून बघ.

तुझा,
बाबा