शब्द दिल्लीने दिला, कायदा तसाच राहिला

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०३० मध्ये अबू सालेमची तुरुंगातली २५ वर्षे भरतील, तेव्हा ‘याला सोडलेच कसे?’ म्हणून गदारोळ उठेल. त्याआधीच चार ओळी लिहितो.

१२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसे गेली. त्यातला हा आरोपी २००२ मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. कमाल शिक्षा २५ वर्षे. म्हणून तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी १७ डिसेंबर २००२ रोजी लेखी हमी दिली : फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक तुरुंगवासही नाही. त्या हमीवरच २००५ मध्ये तो आपल्या हाती आला. पुढे टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने मात्र दोन खटल्यांत जन्मठेप दिली.

न्यायालयाला दोष देता येत नाही. प्रत्यार्पण कायदा, १९६२ मधले कलम ३४ सी एवढेच सांगते, की फाशी नसलेल्या देशाने आरोपी दिला तर त्याला जन्मठेपेपलीकडे शिक्षा नाही. वर्षांच्या मर्यादेबद्दल तिथे अवाक्षर नाही. मग सरकारने परदेशात दिलेला शब्द न्यायाधीशाने कोणत्या कलमाखाली पाळायचा? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये यातून वाट काढली. हमी न्यायालयाला बांधत नाही, पण सरकारला बांधते. २५ वर्षे होताच सरकारने राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींना उरलेली शिक्षा माफ करण्याचा सल्ला द्यावा. त्याच सुनावणीत केंद्राचे प्रतिज्ञापत्र काय म्हणत होते? हा प्रश्न २०३० मध्येच उद्भवेल! असली टोलवाटोलवी लिस्बनमध्येही वाचली जाते. तिथल्या न्यायालयांनी तर अटी मोडल्या म्हणून हे प्रत्यार्पणच रद्द ठरवले होते.

सालेमचा मला कळवळा नाही. चिंता पुढच्या फरारींची आहे. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पण प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगाच्या बराकीचा व्हिडिओसुद्धा मागवला होता. आपल्या नुसत्या शब्दावर कोण किती विसंबते, ते यावरून कळावे.

अनुच्छेद २५३ संसदेला आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार देतो. तो वापरून ३४ सी मध्ये शिक्षेच्या मुदतीची हमीही घालावी आणि अशी प्रत्येक हमी देताच संसदेपुढे ठेवावी. स्फोटांत घरची माणसे गमावलेल्यांना २००२ मध्येच ही २५ वर्षांची हमी कोणी समजावून सांगायला हवी होती. मुंबईचा एखादा खासदार यासाठी निदान खासगी विधेयक तरी मांडेल का?

— एक वाचक, वरळी, मुंबई