फ्रेंच ‘नाजे’चे मूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅटिनपासून निघालेल्या भाषांची ओळख करून देणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. अशा विषयावर मराठीत सविस्तर लिहिले जाते याचा आनंद वाटतो, आणि म्हणूनच त्यातील एक चूक दुरुस्त व्हावी अशी मनापासून इच्छा आहे. पोहण्याच्या क्रियापदांच्या कोष्टकात स्पॅनिश व पोर्तुगीज ‘नादार’, इटालियन ‘न्वोतारे’, रुमानियन ‘इनोता’ आणि फ्रेंच ‘नाजे’ ही सारी रूपे लॅटिन ‘नातारे’पासून आल्याचे म्हटले आहे. इटालियन व रुमानियन रूपांमागे बोलीतले ‘नोतारे’ हे रूप आहे, एवढी पुस्ती जोडली तर इतर भाषांबद्दल ते बरोबर आहे. फ्रेंच ‘नाजे’ मात्र ‘नाविगारे’पासून, म्हणजे नाव हाकणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे.

दोन स्वरांमधला लॅटिन ‘त’ स्पॅनिशमध्ये ‘द’ होतो आणि फ्रेंचमध्ये गळून पडतो. आयुष्य या अर्थाचा ‘वीता’ स्पॅनिशमध्ये ‘वीदा’ झाला, फ्रेंचमध्ये नुसता ‘वी’ उरला. तेव्हा ‘नातारे’तून फ्रेंचमध्ये ‘ज’ निघण्यास वावच नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोतारे’पासून नियमाप्रमाणे ‘नोएर’ हे क्रियापद झाले होते; परंतु गाठ मारणे या अर्थाच्या ‘नोदारे’चेही तेथे ‘नोएर’च झाले, आणि एका उच्चारात दोन अर्थांची अडचण होऊ लागल्यामुळे पोहण्याच्या अर्थी, तोवर होडीने जाणे व वल्हवणे यांसाठी वापरला जाणारा ‘नाजे’ रूढ झाला, असे कारण सहसा दिले जाते. तो जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. ज्याच्या लयीवर होडीतले बाकीचे सारे वल्हवतात, त्या वल्हेकऱ्याला फ्रेंचमध्ये आजही ‘शेफ द नाज’ म्हणतात. मुळा-मुठेवरची रेगाटा पाहणाऱ्या पुणेकरांना या माणसाचे महत्त्व सांगायला नको.

मराठी वाचकाला तर ही दोन्ही मुळे परकी नाहीत. ‘नातारे’ ज्या ‘नारे’पासून झाले, ते आणि संस्कृत ‘स्ना’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. ‘नाविगारे’मध्ये ‘नाविस’ म्हणजे आपली ‘नौ’, आणि ‘आगेरे’ म्हणजे संस्कृतातला, हाकणे या अर्थाचा ‘अज्’ धातू. म्हणजे स्पॅनिश माणूस पोहण्यासाठी ‘स्नान’च्या कुळातला शब्द वापरतो आणि फ्रेंच माणूस ‘नौके’च्या.

पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुले पुष्कळ आहेत आणि आपली पुरवणी त्यांच्याही वाचनात येते. कोष्टकातील ‘नाजे’ ‘नातारे’खालून काढून ‘नाविगारे’खाली घ्यावा आणि ही दुरुस्ती पुढील रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे