मणका मोडलेल्यांना वॉर्डात कामाला लावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आम्हाला शाल-श्रीफळ देऊन 'प्रेरणादायी' म्हणतात. मी माडावरून पडून कमरेखालून गेलेला माणूस. हातात नारळ ठेवला की मला हसूच फुटतं. सत्कार पुरे झाले, आता काम द्या.

आमच्याकडे माड, पोफळी, आंबा, घाटावर विहिरी, शहरांत इमारतींचे परांचे आणि सगळीकडे मोटारसायकल. मणका मोडतो तो बहुधा घरातल्या कमावत्याचाच. ऑपरेशन होतं, महात्मा फुले योजनेतून माझा खर्चही निघाला. पण घरी सोडताना कागदावर 'फिजिओ चालू ठेवणे' एवढंच. लघवी तुंबली तर काय, संडासची वेळ कशी बसवायची, दर दोन तासांनी कूस का बदलायची, याबद्दल एक अक्षर नाही. मणका मोडूनही वाचलेली माणसं पुढे बेडसोर (एकाच कुशीवर पडून-बसून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने जातात, आणि हे बरंचसं टाळता येतं.

मला शिकवलं ते शेजारच्या तालुक्यातल्या एका ट्रक ड्रायव्हरने. माझ्या आधी कधीतरी तोही असाच पडून होता. तीनचाकी स्कूटरवर आला, बायकोकडून आरसा मागून घेतला आणि माझ्याच बैठकीच्या हाडावरचा लाल डाग मला दाखवला. बोटाने दाबला तरी तो फिका पडेना, म्हणजे बेडसोरची सुरुवात. "आज बसायचं नाय, पालथा झोप." मग दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी कशी काढायची, ते स्वतःची नळी काढून दाखवलं.

आता मी तेच करतो. शुक्रवारी वॉर्डात जायचं म्हणून गुरुवारी दाढी करतो. जगण्याचा हेतू म्हणतात तो माझ्यापुरता एवढाच आहे. पेशंट डॉक्टरांना विचारतात, "पाय कधी येतील?" मला विचारतात, "लघवीचं कसं करतोस? गाडीवर चढतोस कसा?" नवरा-बायकोचं पुढे काय, हे तर डॉक्टरांना विचारायची कुणाची छाती होत नाही. परवा एकाची बायको मला जिन्याखाली गाठून हळूच विचारून गेली. हे बोलायला पांढरा कोट चालत नाही. पण अजून वॉचमन मला गेटवर अडवतो, कारण माझ्याकडे पास नाही.

यात नवीन काही नाही. जखमी जवानांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक (म्हणजे कमरेखालून लुळं पडलेल्यांचं) पुनर्वसन केंद्र आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. बाकीच्यांचं काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मणक्याच्या इजेचं वेगळं नावही नाही. आम्ही अस्थिव्यंगात मोडतो. दाखल्यावर पाय दिसतात. मूत्राशय आणि हरवलेली संवेदना दिसत नाही.

मागणी साधी आहे. राज्यात 36 जिल्हे आहेत. दर जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मणक्याची इजा झालेले दोघे, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमा. म्हणजे 72 माणसं. पेशंटला नळी, आरसा आणि कूस बदलणं जमल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही होऊ देऊ नका. घरी गेल्यावर पहिले काही महिने आम्ही फोन करू, जमेल तिथे जाऊनही येऊ.

एक गोष्ट आधीच ठरवा. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहे. आमचं मानधन त्यात धरलंत तर पेन्शन बंद होईल आणि कुणी कामाला येणार नाही. ते मानधन उत्पन्नात धरू नये, असं नेमणुकीच्या जीआरमध्येच लिहा. नंतरच्या दुरुस्तीसाठी आम्हाला मंत्रालयाच्या चकरा मारायला लावू नका.

आपला,
माडावरून पडलेला एक पाडेली (नारळ पाडणारा)
जि. सिंधुदुर्ग